यादीत तेविसावे नाव घालणेबाबत

प्रति,
मा. नायब तहसीलदार साहेब (मदतकार्य),
तहसील कचेरी, जि. जालना

अर्जदार : बद्रीनाथ तातेराव साबळे, वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षक, हल्ली मुक्काम कापूस खरेदीचे शेड, वाटूर फाटा

विषय : विस्थापित कुटुंबांच्या यादीत माझे नाव राहून गेल्याबाबत.
संदर्भ : दि. ११ डिसेंबर १९८७ ची यादी (माझ्याच हस्ताक्षरातील).

महोदय,

१. जिनिंग बंद पडली, गावातले काम गेले. पुढे गायरानावरून दोन तट पडून जाळपोळ झाली. त्यात बावीस कुटुंबांची घरे गेली आणि माझेही गेले. आम्ही सर्व या शेडात आलो. तलाठीसाहेबांनी, माझे अक्षर बरे म्हणून, यादी मला करायला सांगितली. मी छत्तीस वर्षे हजेरीपट लिहिला आहे. हजेरीपटात मास्तर स्वतःचे नाव लिहीत नाही, खाली सही करतो. मी तसेच केले. चूक माझी आहे.

२. यादीप्रमाणे धान्य व घोंगड्या आल्या. मला काही कमी पडले नाही, कारण प्रत्येक घरातून माझी भाकरी येत होती. म्हणून तेव्हा अर्ज केला नाही. सकाळी एकतीस मुलांची शाळा मी शेडातच भरवीत असे.

३. गेल्या महिन्यात बावीस कुटुंबांना ट्रकने नव्या वसाहतीत नेले. मीही फळा घेऊन चढलो होतो. यादीवरून मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी नसल्याने मला उतरवण्यात आले. कचेरीत आलो तेव्हा कारकून म्हणाले, "मास्तर, अक्षर तर तुमचंच हाय. मंग सोतालाच कसं इसरले?" शेडातील दिवा का तोडला असे विचारले, तर शिपाई म्हणाला, "गुर्जी, शेड रिकामं झाल्याचा कागद आलाय. तिथं कुणीच राहत न्हाई." मी समोरच उभा होतो.

४. एकट्या माणसाचे कुटुंब धरता येत नाही, असेही समजले. माझी पत्नी वारून नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. याकरिता यादीतील क्र. ७, झुंबरबाई, बाजाराच्या दिवशी भेटल्या असता, माझे नाव त्यांच्या कुटुंबात लिहू का, असे त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "लिवा की, थोरला भाऊ. त्यात इचारायचं काय? पोरगी रोज इचारती, गुर्जी कवा येणार." त्यांची नात पुष्पा हिचे जोडाक्षर अर्धे राहिले आहे. तिला 'प्रकाश' लिहिता येतो, 'सूर्य' येत नाही.

५. मला धान्य नको, घोंगडी नको, घरही नको. वसाहतीत फळा टांगण्यापुरती भिंत आणि आत जाण्याची चिठ्ठी मिळावी, एवढीच विनंती आहे.

६. शेडात कोणी राहते याचा पुरावा म्हणून हजेरीपट जोडला आहे. सवयीने मी रोज सकाळी हजेरी घेतो. महिनाभर एकतीसही नावांपुढे गैरहजर लिहिले आहे. आज प्रथमच शेवटी, बत्तिसावे, माझे नाव लिहिले. हजर : एक.

आपल्या चिठ्ठीची वाट पाहणारा,
ब. ता. साबळे
दि. १४ मार्च १९८८

सोबत :
१) झुंबरबाई यांचे अंगठ्यासह संमतीपत्र
२) हजेरीपट (पाहून परत मिळावा, उद्या सकाळी लागेल)