पिंजरा अकरा : शांत

४ फेब्रुवारी
आज कामाचा पहिला दिवस. कुत्र्यांच्या निवाऱ्यात सोळा पिंजरे, चौदा कुत्री. ताई गेल्यापासून घरात बसवेना, म्हणून निवृत्तीनंतर हे पत्करलं. काम सोपं आहे. प्रत्येक पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून, कडेला तोंड करून दहा मिनिटं बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही, आणि तक्त्यावर खुणा करायच्या. झोप नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, अंग कोरडं असताना झाडणं. ही ताणाची लक्षणं. यातलं काही नसेल तर शेवटच्या रकान्यात ‘शांत’. झाडलोट करणाऱ्या मावशींनी चहा दिला. म्हणाल्या, कुत्र्यांचं नंतर बघू, आधी माझा चहा पचवून दाखवा. बऱ्याच दिवसांनी हसलो.

६ फेब्रुवारी
अकरा नंबरमधली म्हातारी तांबडी कुत्री मला आवडली. भुंकत नाही, दाराशी येत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. आजही ‘शांत’ लिहिलं. मावशी म्हणतात, बाकीच्यांनी हिच्याकडे शिकवणी लावावी.

९ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी माझे तक्ते पाहिले. वयाने पुतणीएवढ्या असतील, पण त्या बोलल्या तेव्हा मान वर करवेना. म्हणाल्या, काका, ही शांत नाही, हिने आशा सोडलीय. ओरडणाऱ्याकडे कोणीही धावतं, गप्प बसणाऱ्यांसाठीच तुम्हाला तिथे बसवलंय. पाच दिवस तिने खाल्लेलं नाही. भरलेली ताटली मला दिसत होती. तक्त्यात ताटलीसाठी रकाना नव्हता.

ताई पाच वर्षं मागच्या खोलीत होती. आजारात वाचा गेली होती. मी सकाळी तिचं ताट झाकून ठेवायचो आणि ऑफिसला जायचो. नातेवाईक विचारायचे तेव्हा सांगायचो, ताईचा काही म्हणजे काही त्रास नाही. तीही भिंतीकडेच तोंड करून असायची. फार जांभया द्यायची. मला वाटायचं, झोप येत असेल.

१२ फेब्रुवारी
मी आलो की कुत्र्यांची लक्षणं वाढतात. मावशी आल्या की तीच शेपट्या हलवतात. मावशींच्या सांगण्यावरून साबण बदलला, डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून कपडे. फरक नाही. आज नीट पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्या डावीकडे, जरा मागे बघतात. बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर.

१४ फेब्रुवारी
अकरा उठली. चालत दाराशी आली आणि गजांतून नाक बाहेर काढलं — माझ्या डावीकडे. तिच्या डोक्यावरचे केस हळूहळू मागे गेले. हात फिरवल्यावर जातात तसे. मग तिने ताटली चाटूनपुसून साफ केली.

मावशी बादली घेऊन मागेच उभ्या होत्या. आज थट्टा केली नाही. एवढंच म्हणाल्या, काका, उद्यापासून यायचं तर एकटे या.

१५ फेब्रुवारी
गेलो नाही.

मागच्या खोलीचं दार ताई गेली त्या दिवशी मी लावलं होतं. आज उघडं आहे. स्वयंपाकघरातलं स्टूल जागेवर नाही. माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर आहे. कडेला तोंड करून ठेवल्यासारखं.

जांभया येतात. झोप नाही.

१६ फेब्रुवारी
ओठ कोरडे नाहीत, तरी जीभ फिरते. काल केलेला भात तसाच आहे.

सकाळी शेजारी विचारून गेले, सगळं ठीक ना. सांगणार होतो — आवाज फुटला नाही. मान हलवली. जिन्यात ते बायकोला म्हणाले ते ऐकू आलं. काकांचा काही म्हणजे काही त्रास नाही.

मी का कधीच ताईजवळ दहा मिनिटं —

१७ फेब्रुवारी
दुपार. ताट वाढून घेतलं. खुर्ची भिंतीकडे फिरवली, म्हणजे मागचं दिसायला नको.

स्टूल करकरलं. आता डावीकडे आहे. अगदी जवळ.

बघत नाही. डोळ्यांत बघायचं नसतं.

एकटाच आहे. भात कालवला. ताई, घास घेतोय. रकाना नसला तरी लिही. खातो आहे, खा—