लेक येती तेवढंच

माया अक्का,

दुसऱ्याने लिहिलेल्या कथेचा शेवट बदलायचा हक्क अनुवाद करणारीला असतो का? बी.ए. झाले, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

सांगलीच्या एका मासिकासाठी मी एका तुर्की लेखिकेची कथा इंग्रजीतून मराठीत केली. तिच्यात मेंढपाळाची मुलगी घर सोडून जाते आणि कधीच परत येत नाही. आयला वाचून दाखवताना तो शेवट माझ्या तोंडून निघेना. तू गेलीस त्याला सहा वर्षं झाली, तुझा पत्ताही आमच्याकडे नाही. मी वाचता वाचताच मनाने त्या मुलीला परत आणलं.

मग आय रोज म्हणायला लागली, "कल्पे, लेक येती तेवढंच वाच की गं." परवा तर तिने एक माडग्याळी जातीचं कोकरू विकायचं नाकारलं. "ह्ये मायाचं हाय," म्हणाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना.

आज सकाळी मी तिला खरा शेवट वाचून दाखवला. आय हसली.

"मला ठाव हुतं. लेक आली तवा तुझी नजर कागदावर न्हवती."

"मग रोज कशाला ऐकलंस?"

"तू लय हौसंनं आणत हुतीस तिला."

कोकरू अजून दारात बांधलेलं आहे. अनुवाद मात्र मी दुपारीच टपालात टाकला, लेखिकेने लिहिलेल्या शेवटासह.

तुझी धाकटी,
कल्पी