काळ्या पडद्यातलं अंगण

आये,

मला नवा मॉनिटर निवडायचा होता आणि आज सकाळी मी तो निवडला. मॉनिटर म्हणजे काय हे तुला सांगायला हवं. टीव्हीसारखा पडदाच, पण त्यात गाणी-सिनेमे नाहीत, माझं काम दिसतं. कंप्युटरनं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी मी दिवसभर लिहिते, आणि त्या ओळी जितक्या ठसठशीत दिसतील तितकं संध्याकाळी डोकं कमी ठणकतं. बेंगळुरूला बरीच वर्षं काढून मी आता आपल्या गावी, कुंभारवाड्याला, घरी येऊन राहिले आहे. नेटची वायर आपल्यापर्यंत आली म्हणून आले, असं सगळ्यांना सांगते. खरं तर तिथे कुणी कुणाला विचारत नव्हतं, त्याचा कंटाळा आला होता. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे त्याची मलाच लाज वाटणार आहे.

मॉनिटर निवडणं म्हणजे नुसतं लहान-मोठं बघणं नव्हे. एक रुंद घ्यावा की दोन साधे? दोन घेतले तर मधली फट नेमकी नाकासमोर येते आणि मान दिवसभर इकडून तिकडे. एक आडवा ठेवून दुसरा उभा लावला तर लांबलचक मजकूर एका नजरेत मावतो. मी तसंच केलंय, आडव्यावर काम आणि उभ्यावर लोकांचे निरोप. पण सगळ्यात मोठा वाद पडद्याच्या पृष्ठभागाचा, चकाकणारा की मॅट. चकाकणाऱ्यावर अक्षरं कोरल्यासारखी दिसतात, पण मागचा उजेड, मागचं दार, मागचं माणूस, सगळं त्यात उमटतं. मॅटवर काही उमटत नाही, अक्षरं मात्र जराशी पीठ पडल्यासारखी वाटतात. माझ्या धंद्यातली शहाणी माणसं मॅट घेतात. मी आधी आडवा चकाकणारा घेतला होता, कारण मी नेहमीच स्वतःला जरा जास्त शहाणी समजते.

टेबल कुठे मांडायचं हाही तसाच प्रश्न. आपल्या घरात उजेड आहे तो पडवीतच. तिथे अंगणाला डावीकडे घेऊन बसले असते तर ना डोळ्यांवर उजेड आला असता, ना पडद्यावर. हे मला कळत होतं. पण तसं बसलं की मीटिंगमधल्या लोकांना माझ्यामागे स्वयंपाकघराची धुरानं काळी झालेली भिंत दिसते आणि आढ्याला टांगलेल्या तवशी-काकड्या दिसतात. अंगणाकडे पाठ केली की मागे माडाच्या झावळ्या, पाऊलवाट आणि पलीकडचं रान. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "अगं, तू रिसॉर्टमध्येच राहतेस की!" गणेशगुडीला लोक पैसे मोजून जे बघायला येतात ते माझ्यामागे फुकट होतं. मी फुलले. टेबल तसंच राहिलं, अंगणाकडे पाठ करून, आणि सगळं अंगण त्या चकचकीत पडद्यात माझ्या ओळींच्या मागून हलत राहायचं.

आणि टेबल मी मांडलं कुठे, तर तुझ्या आरशाच्या खांबापाशी. तू सकाळची कामं आटोपून तिथे केस विंचरायचीस, तेही अंगणाकडे पाठ करूनच. लाकडी चौकटीचा तो छोटा आरसा, खालचा कोपरा उडालेला. कुणी पाऊलवाटेनं वर येताना त्यात दिसलं की मागे वळायच्याही आधी तू म्हणायचीस, "ये गे बाय, बस." अर्धी वेणी हातात धरून उठायचीस, तांब्या आणि गुळाचा खडा आणायचीस. येणारीला वाटायचं, हिला पाठीलाही डोळे आहेत. मला गुपित ठाऊक होतं आणि त्याचा केवढा तोरा होता मला!

एकदा मी पडवीत गणितं करत बसले आहे. अणशीकडून चालत आलेला एक म्हातारा कठड्यावर येऊन टेकतो, खाकरतो. मी मान वर करत नाही. उरलेलं एक गणित संपवून उठू, असं मी ठरवलेलं आहे. तू आतून येतेस, हात तांदळाच्या पिठानं पांढरे, आणि त्याच हातानं माझी वही मिटतेस. पानावर पाच बोटं उमटतात. म्हाताऱ्याला पाणी देऊन झाल्यावर, तो ऐकेल म्हणून अगदी हळू, तू मला म्हणतेस, "दिसलं न्हाई म्हणालीस तर सोडीन. पर बघून बसलीस तर माझी लेक न्हवंस." मी तेव्हा म्हणाले, दिसलं नाही. तू सोडलंस. मला वाटतं, तुला कळलं होतं.

आता मावशीचं सांगते. तुझी मैत्रीण, पाऊलवाटेच्या खालच्या अंगाला राहणारी. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते आणि मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ती रोज सकाळी वर यायची, तुझ्याच खांबापाशी मला बसवून वेणी घालून द्यायची आणि मग स्वतःच्या शेतावर जायची. इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. मी एकदाही तक्रार केली नाही, कारण ती वेणी सैल झाली असती तर मी रडले असते.

भात कापून झाल्यावर तिच्या मुलाचं लग्न ठरलं. तिला मुलगी नाही. करवली कोण, हे गावात कुणी विचारतही नव्हतं. मीच असणार होते. पण करवलीचं बोलावणं आपल्याकडे कसं देतात ते तुला मी काय सांगू! मुलाची आई ठरल्या दिवशी हळद-कुंकू घेऊन निघते, त्या घरच्या पडवीत बसते आणि पाणी दिल्याशिवाय शब्द काढत नाही. पाणी दिलं म्हणजे घराची तयारी आहे. नाही दिलं तर उठायचं, रागवायचं नाही, आणि बोलावणं घेऊन माघारी घरीही जायचं नाही. जिथे पाणी मिळेल तिथे ते द्यायचं. मी हे सगळं विसरले होते म्हणावं, तर ते खोटं ठरेल. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

ती आली तेव्हा माझी मीटिंग चालू होती. दादा-वहिनी मळणीला गेले होते, घरात मी एकटी. पडद्यावरच्या ओळींच्या मागे मला हिरवं लुगडं दिसलं. वाटेनं वर आलं, कठड्यावर बसलं. हातात पदराखाली काहीतरी. मी ओळखलं, आये. चालण्यावरूनच ओळखलं. मनात म्हटलं, माझं बोलणं संपू दे, मग उठते. तेवढ्यात आमच्या मोठ्या बाई, भल्या आहेत त्या, म्हणाल्या, "तुझ्यामागे कुणी आलंय वाटतं. जायचं असेल तर जा, आम्ही थांबतो." आणि मी म्हणाले, "नाही, कुणी नाही." वर एक बटण दाबलं. त्या बटणानं कॅमेऱ्यात आपल्यामागचं सगळं धूसर होतं. माड, वाट, रान आणि मावशी, सगळं एका हिरवट धुक्यात गेलं.

का म्हणाले, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं. इतके दिवस ज्या अंगणाचा मी थाट मिरवला, त्यात गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेलं खरंखुरं माणूस येऊन बसलं आणि मला ते तिथे नको झालं. रिसॉर्टच्या चित्रात ते बसत नव्हतं. याहून दुसरं कारण मला सापडत नाही, आणि हेच लिहिताना कान तापतात.

ती बराच वेळ बसली. एकदाही खाकरली नाही. मग पडद्यातून हिरवं लुगडं खाली उतरत गेलं. मीटिंग संपल्यावर मी धावले, पण वाटेवर कुणी नव्हतं. संध्याकाळी वहिनी तोंड पाडून आली. बोलावणं मावशीच्या वरच्या वाडीतल्या पुतणीला गेलं होतं. वहिनीनं वाटेत मावशीला गाठून विचारलंही होतं. मावशी म्हणाली होती, "पोर कामात हुती गे, कानाला ते लावून. तिनं बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर उठली नसती व्हय? आवशीची लेक हाय ती." पुढे गावात कुणी नाक मुरडलं की मावशी हेच सांगायची. लग्नात मी मागे वहिनीजवळ उभी राहिले. नवऱ्यामागे करवलीचा दिवा घेऊन ती पुतणी उभी होती आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या वतीनं समजावत होती.

लग्नानंतर चार दिवसांनी ती आली. या वेळी ती वाटेच्या वळणावर असतानाच मी उठले, तांब्या-गूळ घेऊन अंगणात उभी. तिला हसू आलं. "आगं, बसू तरी दे!" ती त्याच जागी कठड्यावर बसली. वीज गेली होती, मॉनिटर बंद, काळाभोर. तिनं सहज तिकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी खूश झाली. "आगं, ह्यात माझं तोंड दिसतंय की! तुझ्या आवशीचा आरसा हितंच हुता न्हवं?" पुढे वाकून तिनं कुंकू सारखं केलं. पदर सारखा केला. मग तिचा हात थांबला. पडद्यात ती होती, तिच्यामागे अख्खं अंगण होतं आणि खालपर्यंतची वाट होती. तिथून तिनं माझ्या खुर्चीकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. मी बाजूला तांब्या घेऊन उभी होते.

"आलं-गेलं समदं दिसतं तर," ती म्हणाली.

मी तांब्या पुढे केला. बोलायची ती जागा होती, आये, दुसरी कुठली नव्हती. तिनं सगळं पाणी संपवलं, भांडं पालथं घातलं, लग्नाच्या लाडवांची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "केस बारीक केलेस गे," म्हणाली, आणि गेली. त्यानंतर तिनं माझी बाजू कुणाकडे घेतल्याचं वहिनीच्या कानावर आलेलं नाही. विरुद्धही काही बोललेली नाही.

हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. मावशीला पोचलं असतं. तिला वाचता येत नाही, पण खाली जाऊन, पाणी मागून, तिच्या पडवीत बसून वाचून दाखवता आलं असतं. मी ते घडी करून, आता आतल्या खोलीत टांगलेल्या तुझ्या आरशाच्या मागे ठेवणार आहे.

नवा मॉनिटर मॅट घेतला. डोळ्यांना बरा म्हणून, असं वहिनीला सांगितलं. आणि टेबल, आये, मी वळवलेलं नाही. पाठ अजून अंगणाकडेच आहे.