वेलीला सांगितलेलं

४ फेब्रुवारी

आले एकदाची! टेंपोवाला खोकी उतरवताना म्हणाला की मावशी, पुस्तकं एवढी आणि भांडी एवढीशी, तुम्ही जेवता की वाचता? मी म्हटलं, एकट्या माणसाचं वाचूनच पोट भरतं. तो खो खो हसला आणि मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून लिहून ठेवते.

घर लहानसं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विटांच्या भिंतीआड बाग. वांग्यांचे वाफे, एक लिंबू आणि कोपऱ्यात काचघर. खरं तर काचघर पाहूनच मी घर घेतलं. सांगाडा गंजलाय, काही काचांना तडे गेलेत, पण आत पाऊल टाकलं की ओल्या मातीची ऊब अंगावर येते. आत लाल भोपळ्याची एक वेल तारांवर चढलेली आहे. घर कित्येक महिने बंद होतं, तरी पान न् पान हिरवं. म्हटलं, चला, घरात कुणीतरी आहे.

ह्यांच्यासोबतचा माझा एकुलता एक फोटो पुढच्या खोलीत लावला. खिळा वाकडा बसला. हे असते तर म्हणाले असते, मास्तरीण, हातोडी म्हणजे पुस्तक नव्हे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी पुडीच्या कागदांवर आणि ह्यांनी रद्दीतून निवडून आणलेल्या पुस्तकांवर शिकले, म्हणून मी मास्तरीण. ह्यांच्याशिवाय कुणी मला तसं म्हटलं नाही, आता म्हणणारही नाही.

११ फेब्रुवारी

शेजारच्या नर्सबाई टोमॅटोची रोपं घेऊन आल्या. निवृत्त आहेत, पण अजून समोरच्याची नाडी बघितल्यासारखं बघतात. माझ्या आधीच्या मालकीणबाईंबद्दल सांगत होत्या. काचघरात मधमाशी फिरकत नाही, म्हणून त्या भोपळ्याची फुलं स्वतः हाताने फळवायच्या आणि प्रत्येक फुलाला काहीतरी सांगायच्या. गप्प राहिलं की फळ पिवळं पडून गळतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी शेवटी त्यांना पोटची मुलगी ओळखू येईना. मुलीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं आणि घर विकलं. नर्सबाई म्हणाल्या, वयच झालं होतं हो, आणि एकटं माणूस काय, ताटालाही गोष्टी सांगतं.

१९ मार्च

दहाबारा दिवसांपासून वेलीला फुलं येताहेत. मादीफुलाच्या बुडाशी बोराएवढा इवलासा भोपळा असतो, नरफुलाच्या बुडाशी नुसता देठ. नरफुलातले पिवळे परागकण मऊ ब्रशाने उचलायचे आणि मादीफुलात टेकवायचे. ऊन चढायच्या आत, कारण दुपारी फुलं मिटतात. मऊ ब्रश कुठून आणणार? ह्यांचा दाढीचा ब्रश काढला. अजून साबणाचा वास येतो त्याला.

आधीची फुलं मुकाट्याने फळवली होती, ती सगळी गळली. आज म्हटलं, बघू तर खरं, आणि फुलाला ह्यांची टकटक सांगितली. हे दुकानातून आले की कधी कडी वाजवायचे नाहीत. अंगठ्याच्या नखाने दारावर दोनदा पटपट, मग थांबून एकदा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं बोट, त्याला आवाजाचं भारी कौतुक. मी कितीही वाचनात बुडालेली असले तरी त्या थांबण्याशी जागी व्हायचे.

२ एप्रिल

ते फळ धरलं! लोक देवाशी बोलतात, मी भोपळ्याशी बोलते. रोज सकाळी एकेका फुलाला सांगते. दाढी करताना हे जे बेसूर गाणं गुणगुणायचे, ते सांगितलं. उजव्या अंगठ्यावरचा, रेडिओच्या तारा झाळताना भाजल्याचा चट्टा, कसा पडला त्यासकट सांगितला. सगळी फळं धरली. जड होऊन तुटू नयेत म्हणून ह्यांच्या चौकडीच्या शर्टांच्या झोळ्या शिवल्या आणि एकेक भोपळा तारेला टांगला. बोलून मन हलकं होतं हे पुस्तकात वाचलं होतं, ते खोटं नाही. अलीकडे झोप छान लागते.

२७ एप्रिल

नणंद आली होती. झोळ्या पाहून म्हणाली की वहिनी, भोपळ्यांना दादाचे शर्ट आणि सख्ख्या बहिणीला साधा रुमालही नाही? खूप हसलो. मग तिला भोपळा पिकला की नाही ते कसं ओळखायचं हे दाखवायला मी पहिल्या भोपळ्यावर टिचकी मारली.

आतून उत्तर आलं. दोनदा पटपट, मग थांबून एकदा.

मला गंमत वाटली. म्हटलं, आत किडा असेल. नणंद मात्र पांढरीफटक पडली. ही दादाची टकटक आहे म्हणाली. मी विचारलं, त्यांची कसली टकटक? तशी तिने माझा दंड धरला. म्हणाली की वहिनी, लग्न झाल्यापासून रोज ऐकलीत, मलाच किती वेळा करून दाखवलीत. मला काही आठवेना. चहा न घेता गेली.

२८ एप्रिल

बसून नीट आठवून पाहिलं. हे दाढी करताना काहीतरी गुणगुणायचे, एवढं माहीत आहे. काय, ते नाही. दात पडला की जीभ जशी सारखी त्या खड्ड्यात जाते, तसं मन जातं आणि रिकामं परत येतं. अंगठ्याचंही तेच. वहीची मागची पानं वाचली, अक्षर माझंच, पण वाचूनही परक्याची गोष्ट वाटते. जे जे फुलांना सांगितलं ते ते गेलं. जे नाही सांगितलं ते शाबूत आहे.

ह्यांचं माझ्याजवळ दुसरं काय आहे? एक फोटो, त्यातही मान खाली. बाकी जे आहे ते माझ्या डोक्यात. ते गेलं तर हे दुसऱ्यांदा गेले.

नर्सबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मुळासकट कापा, आजच.

२९ एप्रिल

विळा घेऊन गेले. मूळ मुठीत धरलं. तेवढ्यात वरच्या झोळीतून कुणी गुणगुणलं, साफ बेसूर. मला ते गाणं ओळखता आलं नाही, पण डोळ्यांना आलं. घळाघळा वाहायला लागले.

विळा खाली ठेवला.

३० एप्रिल

विचार केला. आता अर्धे तिकडे, अर्धे माझ्याकडे. वेल कापली तर तिकडचे अर्धे गेले. नाही कापली तर मी ह्या अर्ध्यांचं काय करू? भांडं फुटलं तर तुकडे एका जागी तरी असावेत. सगळंच तिकडे पोचलं तर कदाचित—

नर्सबाई भिंतीवरून ओरडून गेल्या, की आधीच्या बाईंचंही असंच सुरू झालं असणार, डोकं ठिकाणावर आणा. माझं डोकं ठिकाणावर आहे. आत काय काय ठेवलंय तेच तर मोजते आहे. मी विसरेन, हे मला माहीत आहे. पण ते आले, तर ओळख काय, पुन्हा करून घेऊ. पहिल्यांदा तरी कुठे होती?

६ मे

रोज सांगते. हसणं सांगितलं. चालणं सांगितलं. तापात माझा हात धरून कसे बसायचे, ते सांगितलं. भोपळे एकमेकांच्या अंगाला लागून वाढताहेत. एकाची साल अंगठ्याएवढी काळपट, भाजल्यासारखी. सगळे गरम आहेत, उन्हात नसले तरी.

११ मे

चेहरा सांगितला.

१२ मे

शेवटचं फूल उरलं होतं. मला हाक कशी मारायचे, ते सांगितलं. सांगताना रडू येत होतं. ब्रश धुऊन ठेवला. कुणाचा आहे कोण जाणे, चांगला मऊ आहे.

१५ मे

भिंतीवर फोटो आहे. बाई मी आहे. शेजारी मान खाली घातलेले कुणी गृहस्थ. खिळा वाकडा आहे म्हणून काढला नाही, नाहीतर भिंतीचा पोपडा यायचा.

फोनवर कुणी बाई मला वहिनी म्हणून रडत होती. चुकीचा नंबर लागला असेल.

१७ मे, सकाळ

झोळ्या रिकाम्या. भोपळे एकूण एक फुटलेत, आत बी नाही, गर नाही, कोरडे ठणठणीत. वेल एका दिवसात वाळली. काचघरातल्या मातीत पावलं उमटलीत, अनवाणी, मोठी. दारापर्यंत येतात, दाराबाहेर एकही नाही.

काचघराला बाहेरून कडी घातली.

दुपार

काचा आतून घामेजल्या आहेत. काचांमागे कुणीतरी उभं. पुरुष. अंगावर चौकडीच्या चिंध्या— घसा साफ केल्यासारखा आवाज— गुणगुणतोय. किती बेसूर!

मी ओरडले, कोण आहे? तो म्हणाला, मास्तरीण, दार उघड. मी म्हटलं की बाबा, घर चुकलं, इथे कुणी मास्तरीण राहत नाही. मग रडण्यासारखं.

नर्सबाईंना हाका मारल्या, घरी नाहीत—

काच फुटली.

मागचं दार लावून स्वयंपाकघरात बसलेय. खुर्ची लावली दाराला. लिहिते, लिहिलं की बरं—

टकटक. दोनदा पटपट. थांबली.

एकदा.

हळू आवाजात बोलतोय. घाबरू नकोस म्हणतो. भांडणारा वाटत नाही. पण मी ह्याला ओळखत नाही, मी ह्याला जन्मात कधी—

म्हणतो, हातोडी म्हणजे पुस्तक नव्हे. म्हणतो, खिळा किती वाकडा बसलाय गं.

खिळा पुढच्या खोलीत आहे. बाहेरून त्याला खिळा कसा दि