अमृतची तपासणी

४ मार्च

भाकरी थापत होते त्या सकाळी. पाणी भरून झालं होतं, शेळीपुढे पाला टाकला होता, तव्यावरची भाकरी फुगायच्या बेतात. सविता संक्रांतीला सासरहून, कोपरगावहून, माहेरी आली होती. मोरीतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आई, रगत जातंय." मी मान वर केली नाही. म्हटलं, मूळव्याध असेल, तुझ्या वडिलांनाही होती, ताक पीत जा. आणि पुढची भाकरी थापली.

आज नगरच्या दवाखान्यात तिचं मोठं आतडं काढलं. सगळं! डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं — आत शेकडो गाठी, डाळीच्या दाण्याएवढ्या. एकीत कॅन्सर. हे आईबापांकडून लेकरांत उतरतं म्हणे. वडील कशाने गेले, त्यांनी विचारलं. मूळव्याधच म्हणत होतो आम्ही. तेही बहुतेक हेच असणार, ते म्हणाले. मग म्हणाले, हिच्या भावाची, म्हणजे आमच्या अमृतची, दुर्बिणीने तपासणी लगेच करून घ्या. गाठी लवकर दिसल्या तर कॅन्सर व्हायच्या आत उपाय करता येतो.

५ मार्च

पोटावर पिशवी लावली आहे. शी त्यातच जमते. सविताने तिकडे पाहिलंच नाही.

७ मार्च

नर्सबाईंनी पिशवी रिकामी करायला शिकवलं. जावई माझ्या आधी शिकले. बन्सीराव तसे भित्रे, पण पहिली पिशवी त्यांनीच रिकामी केली. सविता त्यांना म्हणाली, "कोपरगावात कुनाला सांगू नका, न्हाईतर बघायला रांग लागंल." हसली, टाके दुखले, आणि मलाच रागावली.

८ मार्च

मच्छिंद्र भाऊजी आले, माझे धाकटे दीर. अमृतचं लग्न त्यांनीच जमवलं. तपासणीचं सांगितलं तर मला जिन्यात घेऊन गेले. "वहिनी, सुपारी फुटलीय. पोराच्या पोटात दुर्बीण घातली म्हनलं की आपल्या जामखेडभर बोभाटा व्हईल. लगीन हुंदे आदी. मग काय बी करा."

मी हो म्हटलं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मलाही तेच हवं होतं.

९ मार्च

सविताने विचारलं, अमृतची तपासणी झाली का. झाली म्हटलं. काही निघालं नाही. तेव्हा कुठे ती शांत झोपली.

११ मार्च

दुधाचा टेम्पो खाली लावून अमृत बहिणीला बघायला आला. ती म्हणाली, "दुर्बिनीला भ्याला न्हाईस ना रं?" मी लगेच त्याला चहाला बाहेर काढलं. व्हरांड्यात विचारतो, ताई दुर्बिणीचं काय म्हणत होती? म्हटलं, औषधाची गुंगी आहे, काहीही बोलते. त्याला पटलं.

पोरीला बरळणारी ठरवलं! तिच्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले. माझं चुकलं की पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायला लावायची. एवढीशी होती.

१२ मार्च

जेवणाचा डबा उघडलाच नाही.

१४ मार्च

बन्सीराव सविताला कोपरगावला घेऊन गेले. मी घरी. संध्याकाळी मोनिका आली — अमृतची होणारी बायको — शालूवरच्या ब्लाउजचं माप द्यायला. तिची आई बरोबर होती. ताईंना आता काय खायला चालतं, किती दिवस जपावं लागेल, सगळं नीट विचारून घेतलं. अमृत कधी आजारी पडतो का, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे.

त्या गेल्यावर मापाचा ब्लाउज तसाच खाटेवर पडून राहिला.

१७ मार्च

सविताचा फोन. पिशवीची सवय होतेय म्हणाली. मग म्हणाली, "माज्या येळंला मूळव्याध म्हनलीस. असू दे. अमृतच्या येळंला मातुर शहानी झालीस, आई."

टोमणा नव्हता. मनापासून म्हणाली.

१८ मार्च

टेम्पो निघायच्या आधी अमृतला सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मोनिकाला कोन सांगनार?" मी म्हटलं, मी. त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. तिचे वडील म्हणाले, विचार करून कळवतो. भाऊजींना विचारलं नाही. सविताला फोन करून खोटं बोलल्याचं सांगितलं, तिने फोन ठेवला. दुपारच्या एसटीने अमृतला नगरला घेऊन आले.