डोमाजीच्या पंपाचं सील

ढाणकी
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. परवेज यास अब्बांचा सलाम आणि दुवा.

वि. वि. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही. फोनवर तू 'हो अब्बा, बघतो अब्बा' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पोस्टाने लिहितो आहे. तूही उत्तर कागदावरच दे.

डोमाजीचा सोलर पंप बंद पडून आठवडा झाला. त्याने तुझ्या कंपनीकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. माणूस आला नाही, एका स्क्रूला पेचकस लागला नाही, आणि निवारण झालं. बिचाऱ्याने तो संदेश मला तीनदा वाचायला लावला. त्याला वाटलं, आपल्यालाच काही समजायचं राहिलं.

त्याच्या शेतातल्या विहिरीवर विजेची लाईन कधी आली नाही. खांब शेजारच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत येऊन थांबले ते थांबलेच. त्या जमिनीत रब्बीचा गहू यंदा पहिल्यांदा उभा आहे. ओंबीत दूध भरतं आहे आणि आता पाणी नाही. तुझी प्रभावतीकाकी रोज धुऱ्यावर जाऊन बसते. आजारी माणसाजवळ बसावं तशी.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? मार्च लागला की माझ्या दुकानाच्या टिनाला हात लावता येत नाही. सरकारने ते ऊन गरिबाच्या विहिरीवर आणून दिलं, चांगलं केलं. पण दुरुस्तीचं कुलूप तुझ्या कंपनीच्या खिशात का? मी जन्मभर जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्या. डोमाजीच्या घरच्या पंख्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं माझ्या हातचं. येत्या जुम्म्यापर्यंत वाट पाहतो, फार तर पुढच्या. नंतर मी स्वतः ती मोटर वर काढून उघडणार.

तुझी अम्मी रोज तुझी आठवण काढते. मोटारसायकलवर ट्रकच्या मागे मागे राहत जाऊ नकोस, आणि रात्री फिरू नकोस. लोभ ठेव, आणि लवकर माणूस पाठव.

तुझा अब्बा
शकील


यवतमाळ
दि. ८ फेब्रुवारी २०२५

अब्बांच्या सेवेशी परवेजचा सलाम.

वि. वि. पत्र मिळालं. पाकीट पाहून तुमची सून गझाला घाबरली, की पोस्टाने कोर्टाची नोटीस आली. अक्षर बघितलं आणि म्हणाली, की नाही, त्याहून कडक आहे.

अब्बा, हात जोडून सांगतो, मोटर उघडू नका. मोटरीला आणि तिला सोलरची वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या डब्याला कंपनीचं सील आहे. पाच वर्षं दुरुस्ती फुकट, पण सील तुटलं की कंपनी लिहून मोकळी होते, की बाहेरच्या माणसाने हात लावला. पुढची चार वर्षं डोमाजीकाकांनी काय करायचं? आणि ते पत्र लिहिण्याचं काम माझ्याच टेबलावर येईल.

तक्रार न बघता बंद होते, हे खरं आहे. वरून विचारतात, किती तक्रारी शिल्लक, म्हणून बसल्या जागी शून्य करून पाठवतात. मी दोनदा बोललो. साहेब म्हणाले, की तुला नोकरी करायची आहे की पुढारी व्हायचं आहे. आम्ही दोन माणसं आणि चार तालुके. कंट्रोलर पुण्याहून यायचे आहेत, ते येईनात.

तरी तुम्ही सोलरलाच नावं ठेवता, ते मला पटत नाही. डोमाजीकाका जन्मभर खांबाची वाट बघत बसले असते. त्यांच्या वाट्याला खर्चाचा नाममात्र हिस्सा आला, दिवसा पाणी मिळालं, अंधारात विंचूकाट्यात जावं लागलं नाही. त्यांना अर्ज करायला मी लावलं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

उमेरा विचारते, की दादाजी सगळ्यांवर ओरडतात की फक्त पप्पांवर. काय सांगू? डोमाजीकाकांना माझा जयभीम सांगा, अम्मीला सलाम. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या.

आपला
परवेज


ढाणकी
दि. १६ फेब्रुवारी २०२५

परवेज यास,

चिरंजीव लिहिलं नाही, मुद्दाम. दुवा मात्र आहे, ती रागावर अवलंबून नाही.

दुसरा जुम्माही गेला, कोणी आलं नाही. नमाज झाली आणि मी पाना, साखळी, दोर घेऊन डोमाजीच्या शेतात गेलो. तो विहिरीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. म्हणाला, की शकील, तुह्या हाताची मले खात्री आहे, पण सील तोडू देणार नाही. बाहेरच्या माणसानं हात लावला तं पाच वर्षांचं सारं बुडते. मी विचारलं, की बाहेरचा माणूस म्हणजे कोण. तर खाली पाहून म्हणाला, की कागदावर तं तूच होय.

प्रभावतीने चहा आणला होता. तसाच ठेवून निघालो. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, ईदचा शिरखुर्मा आणि त्यांच्या चौदा एप्रिलचं जेवण कधी चुकवलं नाही, आणि मी बाहेरचा. हे त्याला कोणी शिकवलं? तू आणि तुझ्या कंपनीने.

पण राग आला म्हणून उभा गहू वाळू द्यायचा का? काल दुकानामागचं जुनं डिझेल इंजिन बैलगाडीत घालून नेलं आणि विहिरीवर लावलं. इंजिन चालू झालं, पाणी आलं. आम्ही दोघं मात्र बोललो नाही. तो धुऱ्याच्या त्या टोकाला, मी इंजिनापाशी. तो प्रभावतीला सांगे, की त्याले म्हण पाणी कोपऱ्यात पोचलं. मी तिला सांगे, की त्याला म्हणावं पाण्याचं दारं बदल. शेवटी ती मधल्या बांधावर बसली आणि म्हणाली, की तुम्ही दोघं बुढे मले बिनपगारी पोस्टमन करून राह्यले, आता ज्याले बोलाचं त्यानं चालत जावं.

इंजिनाचा काळा धूर सोलरच्या प्लेटांवर बसला. डोमाजी आपल्या दुपट्ट्याने त्या प्लेटा पुसत होता. बंद पडलेल्या पंपाच्या प्लेटा. ते पाहून मला इतका संताप आला, की इंजिनाला लाथ मारली. अंगठा सुजला आहे.

गव्हाचं अर्धं वावर ओलं झालं. बाकीच्याला डिझेल कुठवर पुरवणार? परवेज, तुझा पगार तुला गोड लागतो का, एवढंच कळव.

शकील


यवतमाळ
दि. २४ फेब्रुवारी २०२५

अब्बांच्या सेवेशी सलाम.

वि. वि. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर जमलं नाही, म्हणून काल स्वतः आलो. दुकानापुढून गेलो. तुम्ही पाठ करून बसला होता. मी हॉर्न दिला, तुम्ही वळला नाही. मग सरळ शेतात गेलो.

पंप सुरू झाला आहे. सील तोडून कंट्रोलरचा डबा उघडला, तर आत पाल चिकटून मेलेली आणि सर्किटची पट्टी जळालेली. मोटर ठणठणीत आहे. अब्बा, रागावू नका, पण तुम्ही त्या दिवशी चांगली मोटर उघडली असती. तिच्यात तारांबरोबर लोहचुंबकही असतं, ती तुमच्या मोटरींसारखी भरता येत नाही. डोमाजीकाका आडवे उभे राहिले ते बरं झालं.

नवा कंट्रोलर पुण्याहून आलेला नाही. आमच्या ऑफिसपुढे लोकांना दाखवायला एक पंप मांडून ठेवला आहे, त्याचा काढून आणला. साहेबांनी विचारलं, की कोणाच्या परवानगीने. मी म्हणालो, की वडिलांच्या. लेखी खुलासा मागितला आहे. नोकरी जाईल असं वाटत नाही, पण गझालाला अजून सांगितलेलं नाही.

आता रागावण्यासारखी गोष्ट. ढाणकीला दुरुस्तीचा एक माणूस हवा, असं मी वर्षभर म्हणतो आहे. त्या भांडणात साहेब ओरडले, की एवढा कळवळा आहे तर तुझ्या बापालाच पाठव शिकायला. ते रागात म्हणाले. मी तुमचं नाव लिहून दिलं. येत्या सोमवारपासून तीन दिवस यवतमाळला वर्ग आहे. पास झालात तर सील उघडायचा आणि लावायचा अधिकार तुम्हाला मिळेल. पहिला दिवस शिकवायला मीच आहे.

आपला
परवेज


ढाणकी
दि. २७ फेब्रुवारी २०२५

चि. परवेज यास अब्बांचा सलाम.

पाल. पाच वर्षांची हमी देता आणि पाल शिरेल एवढं भोक ठेवता. हे तुझ्या साहेबाला वाचून दाखव. खुलासाही तू लिहू नकोस, तू नरम लिहिशील. मला लिहू दे.

हॉर्न ऐकला होता. वळलो असतो तर चारचौघांत काहीतरी बोललो असतो.

परवा डोमाजी दुकानात आला. स्टुलावर बसला, समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले. मग म्हणाला, की गहू उभा राह्यला. मी म्हणालो, की कागदावर उभा राहिला की वावरात. तो हसला. मी हसलो नाही, मला अजून त्याचा राग आहे. चहा मात्र प्यालो. त्याला पुन्हा संदेश आला आहे, की सेवेबद्दल अभिप्राय द्या. मी सांगितलं, की मोबाईल माझ्याकडे दे.

तुझ्या वर्गाचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. या वयात बाकावर बसायचं, आणि समोर फळ्याजवळ माझाच पोरगा. तुझ्या अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, की काहून, तुम्ही त्याले पेचकस धरायला शिकवला तवा त्यानं लाज धरली होती का. तिच्यावरही ओरडलो.

पण काल उमरखेडला जाताना एसटीतून पाहिलं. रस्त्याकडेच्या दोन शेतांत प्लेटा चकाकत होत्या आणि खालचा हरभरा वाळून पांढरा झाला होता. कंडक्टर म्हणाला, की दिवाळीपासून बंद आहेत. त्या लोकांचा कोणी मुलगा तुझ्या कंपनीत नाही. वर असं ऊन, खाली विहिरीत पाणी, मधे एक डबा, आणि तो उघडायला माणूस नाही. खिडकीत बसून मी इतका बडबडलो, की शेजारची बाई उठून मागे गेली.

सोमवारी येतो. बहुधा दुसरा रोजा असेल आणि रोज्यात माझं डोकं लवकर तापतं, हे तुझ्या साहेबाला आधी सांगून ठेव. गोळ्या पहाटे सहेरीला घेईन, काळजी नको. पाठीला टेका असलेली खुर्ची बघ. लोहचुंबकाचं पहिल्यांदा शिकव, मला झोप लागत नाही. वर्गात अब्बा म्हणू नकोस, शकीलभाई म्हण. चुकलो तर तिथेच, सगळ्यांसमोर सांग. घरी नेऊन हळूच सांगितलंस तर याद राख.

उमेराला सांग, दादाजी सगळ्यांवरच ओरडतात. तिच्यावरच तेवढं जमत नाही. गझालाला दुवा, आणि लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा अब्बा
शकील