नाकारलेली नोंद

७ ऑक्टोबर, मंगळवार

शुक्रवारपर्यंत! केतनने, म्हणजे आमच्या पनवेलच्या ऑफिसच्या मालकाने, टेबलावर बोट आपटत सांगितलं. उरणकडच्या मच्छीमार सोसायटीचा प्रोग्रॅम ‘बोट निघाली’, ‘बोट आली’ हे आपल्या सर्व्हरला कळवतो. पण कोण कळवतंय, हे सर्व्हर विचारतच नाही! गेल्या महिन्यात कुणा टवाळाने घरबसल्या तीन बोटी ‘आल्या’ करून टाकल्या. त्या समुद्रातच होत्या — बाबांची ‘सुखसागर’सुद्धा. वादळात हीच यादी बघून शोध घेतात. ओळख पटल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असं कुलूप सर्व्हरला लावायचं. काम मी मागून घेतलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

कुलूप लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली! सोसायटीची ओळख पटवणारा सांकेतिक शब्द, म्हणजे गुप्त किल्ली, मी थेट कोडमध्येच लिहिली होती. केतनने तयार प्रोग्रॅमची फाइल, एक्सई, नोटपॅडमध्ये उघडली. त्या सगळ्या कचऱ्यात माझी किल्ली स्वच्छ वाचता येत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता किल्ली विंडोजच्या तिजोरीत. सर्व्हरला जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर, म्हणजे कॉलवर, त्या किल्लीची सही आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या घड्याळातली वेळ. वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला, तर सर्व्हर कॉल नाकारणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोसायटीत जाऊन बसवलं. चाललं! तिथल्या कारकून सुमतीमावशी सांगत होत्या — लाइट गेली की या कॉम्प्युटरचं घड्याळही झोपतं, म्हणून त्या आपल्या मनगटावरचंच बघतात. दोघी हसलो.

बटण दाबलं की लगेच हिरवी खूण येते, सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता. ते जुन्यासारखंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

वादळाचा इशारा. बाकी बोटी आल्या. बाबा नाहीत. फोन लागत नाही.

यादीत ‘सुखसागर’ निघालेलीच नाही! मावशी शपथेवर सांगतात — काल सकाळी सहाला नोंद केली, हिरवी खूण आली. आणि त्याआधी दोन तास लाइट नव्हती.

सर्व्हरवर नाकारलेल्या कॉलची यादी उघडली. सही बरोबर. वेळ मात्र पहाटे चारची, म्हणून नाकारलेली. सुखसागर, सात माणसं. तटरक्षक दलाला फोनवर वाचून दाखवलं. टवाळांसाठी लावलेल्या कुलपाने माझ्याच बापाला बाहेर ठेवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडले. सातही जण. इंजिन बंद पडलं होतं. यादीत नाव नव्हतं, हे बाबांना किनाऱ्यावरच कळलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “आमी तं सांगून गेलो व्हतो ना, बाय?”